सोनपावली पोचली

निरंजन गोंधळेकरला केळथर बंदरातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. पैसे म्हणाल तर बोटींवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम लिहायचे मच्छीमार सोसायटी जे देणार होती त्यातून त्याच्या पुण्याच्या फ्लॅटचा मेंटेनन्सही निघाला नसता. नाव म्हणाल तर केळथरला नाव असतं ते बोटींना, माणसं त्या नावाने ओळखली जातात. त्याला मिळणार होतं ते एकच, आणि त्यासाठी भले भले वाटेल ते मोजायला तयार होतात: "मी म्हणत होतो तेच बरोबर निघालं" असं म्हणायची सोय.

पुण्यातल्या कंपनीत तो वर्षानुवर्षं एकच सांगत आला होता. डेस्कटॉपवरचे प्रोग्रॅम, म्हणजे त्या खिडक्या, ती बटणं, ते नकाशे, सगळं फंक्शनल भाषेत लिहा. लोक चहा पिता पिता ऐकून घ्यायचे. मग कोणीतरी म्हणायचं, "अरे निरंजन, बटण दाबलं की काहीतरी बदलावं लागतं. तुझ्या भाषेत तर एकदा लिहिलेलं काही बदलतच नाही." यावर हशा. निरंजनने राजीनामा दिला तेव्हाही निरोपाच्या केकवर कोणीतरी क्रीमने 'बदल नाही' असं लिहिलं होतं.

आणखी दोघांची मागणी याच खात्यात धरायला हवी. सोसायटीचे चेअरमन भास्करशेठ चौगुले यांना पुढची निवडणूक बिनविरोध हवी होती, आणि त्यासाठी लोकांना दिसेल असं काहीतरी. आणि नियंत्रण टेबलावर बसणाऱ्या सुगंधा पावसेला नवरा वेळेवर घरी यायला हवा होता. तिघांत तिची मागणी सगळ्यात लहान. लहान मागण्या सगळ्यात आधी पुऱ्या होतात.

सोसायटीच्या माडीवर निरंजनने पहिल्यांदा पडदा लावला तेव्हा भास्करशेठ खुर्चीत मागे रेलून बसले होते आणि सुगंधा वहीवर पेन धरून उभी होती.

"हे ब्राउझरमध्ये का नाही?" भास्करशेठनी कुठूनतरी ऐकलेला प्रश्न टाकला.

"इथलं नेट दिवसातून किती वेळा जातं, शेठ? नेट गेलं की ब्राउझर आंधळा. हा प्रोग्रॅम याच कॉम्प्युटरवर राहतो. बोटींचे सिग्नल छतावरच्या अँटेनातून थेट इथे येतात."

"बरं. आणि त्या तुझ्या भाषेचं काय एवढं कौतुक?"

निरंजनचे डोळे चमकले. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता.

"नेहमीचा प्रोग्रॅम म्हणजे दहा सुनांचं स्वयंपाकघर," तो म्हणाला. "एक सून मिठाची बरणी इथे ठेवते, दुसरी तिथे. तिसरीला वाटतं मीठ संपलं. पडद्यावर एक, आत भलतंच. माझ्याकडे तसं नाही. बंदराची एक स्थिती असते. कुठली बोट कुठे, चार्जिंग किती, कोण पोचलं, कोण बाहेर. ती स्थिती कधीच खोडायची नाही. बोटीकडून निरोप आला, किंवा वहिनींनी बटण दाबलं, की जुनी स्थिती आणि तो निरोप घेऊन एक फंक्शन नवीन स्थिती बनवतं. जुनी जशीच्या तशी राहते. आणि दुसरं फंक्शन ती स्थिती बघून पडदा काढतं. पडद्याला स्वतःची आठवण नाही. जे आत आहे तेच बाहेर."

"मग चुकलं तर?"

"मागे जायचं. सगळ्या जुन्या स्थिती शाबूत आहेत." त्याने एक पट्टी मागे सरकवली आणि नकाशावरचे ठिपके उलटे चालत सकाळच्या जागेवर गेले. सुगंधाने पेन खाली ठेवलं. "ही फंक्शनं कशाला शिवत नाहीत, शेठ. फाइलला नाही, सिग्नलला नाही, कशालाच नाही. तेच दिलं की तेच परत मिळतं. आम्ही त्यांना सोवळी फंक्शनं म्हणतो."

"आमच्या मासळीच्या टोपल्यांना तुमचं सोवळं चालणार का, ते आधी विचारा," भास्करशेठ म्हणाले. सुगंधा खुदकन हसली आणि निरंजन कानापर्यंत लाल झाला. पण शब्द चिकटला. पुढे बंदरावर कोणाला काही हात लावू द्यायचा नसला की लोक म्हणायचे, "सोवळ्यात आहे, शिवू नको."

आता यातला खरा चमत्कार. तो निरंजनलाही आधी दिसला नव्हता.

जे फंक्शन कशालाच शिवत नाही ते कितीही वेळा चालवलं तरी काही बिघडत नाही. त्याला एखाद्या बोटीचे, समजा सोनपावलीचे, खोटे निरोप द्या. 'सोनपावली आता वळली,' 'सोनपावलीने जाळं ओढलं.' ते बिचारं त्या खोट्या निरोपांवरून पुढची स्थिती बनवून देईल, पडदाही काढून देईल. आवडलं तर बघा, नाहीतर टाकून द्या. जगात कुठे काही हललेलं नसतं. म्हणजे मशीनला उद्याची रंगीत तालीम आजच करता येते. खोटे निरोप कुठून आणायचे, तर जुन्या खऱ्यांवरून. बोट हाकणारा कुठला तांडेल कुठल्या वाऱ्यात कुठे जातो, किती वाजता परततो, हे शिकलेलं एक यंत्र शेजारी बसवलं की झालं.

आणि बंदराला ती तालीम हवी होती. बोटी डिझेलवरून बॅटरीवर आल्या होत्या. भूशिराच्या पलीकडे गेल्या की सिग्नल तुटक यायचा. पडद्यावर ठिपका थिजायचा आणि मग एकदम उडी मारून भलतीकडेच दिसायचा. निरंजनने ती फट तालमीने भरली. बोट गप्प असेल तोवर मशीन तिचा अंदाजाचा ठिपका चालवायचं. तो ठिपका फिका असायचा. जितका वेळ बोट गप्प, तितका जास्त फिका. खरा सिग्नल आला की पुन्हा ठळक. हा फिकेपणा म्हणजेच सगळी सूचना. वेगळा भोंगा त्याने ठेवला होता तो एवढाच की दिवेलागणीपर्यंत ज्या बोटीवर 'पोचली' हे बटण दाबलं गेलं नाही, तिच्यासाठी वाजायचा.

मोठा पडदा कुठे लावायचा यावर चर्चा झाली नाही. बोटींची वाट बघणाऱ्या बायका व्हरांड्यातल्या खिडकीशीच उभ्या राहायच्या, म्हणून तो खिडकीतच बसवला, तोंड बाहेर करून. बायकांना सगळ्या बोटी दिसू लागल्या. आत बसलेल्या सुगंधाला जेटी दिसेनाशी झाली. तिच्यापुढे छोटा पडदा होताच.

आठवड्याभरात व्हरांड्यात भांडण झालं.

"गो सुगंधा, माझ्या घोवाची बोट फिकी का?" चंद्रभागा दोरकुळकर खिडकीवर थापा मारत होती. "बाजूची लक्ष्मीप्रसाद बघ कशी लालभडक. आमचीच का पुसत चालली?"

"चंदाकाकी, सिग्नल नाय. येईल परत."

"नाय आला तर? फिकं फिकं होऊन जाणार काय माझं माणूस? असलं अभद्र दाखवता कशाला?"

तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. एकीने ठिपका फिकटताना पाहिला आणि तिथेच बसकण मारली. तिचा नवरा तासाभराने बर्फाची पाटी घेऊन वर आला तर ही त्याला ओळखेना. भास्करशेठ माडीवर आले ते घाम पुसतच.

"गोंधळेकर, सगळे ठिपके एका रंगाचे करा."

"शेठ, पण मग खरं कुठलं आणि अंदाज कुठला ते..."

"तुमच्या आत तर राहील ना कुठे?"

"आत राहील. प्रत्येक ठिपक्याला आत खूण आहे, खरा की अंदाजाचा."

"मग झालं तर. बायकांना कशाला दाखवता? रंगच बदलायचाय. रंगाने काय कोणाला शिवायचंय?"

निरंजन टेबलाशी बसला. पडदा काढणाऱ्या फंक्शनमधली एक ओळ. तीसुद्धा सोवळीच. स्थितीला हात नाही, तालमीला हात नाही. तेच आत, फक्त बाहेर रंग एक. त्याने ओळ बदलली आणि चहा मागवला. हा माणूस एवढा शिकलेला, पण पडद्यासमोर माणूस बसतं आणि पडदा त्या माणसाला शिवतो, हे त्याच्या भाषेत कुठे लिहिलेलं नव्हतं.

भांडणं थांबली. भास्करशेठनी व्हरांड्यात पंखा बसवून दिला.

मुरारी पावसे हा केळथरचा सगळ्यात हुशार आणि सगळ्यात बेभरवशाचा तांडेल. सोनपावली त्याची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो संध्याकाळी येणार की दुसऱ्या दिवशी, हे सुगंधाने कधी छातीठोक सांगितलं नव्हतं. भाकरी टाकायची, झाकून ठेवायची, सकाळी कोंबड्यांना घालायची.

तालीम आली आणि मुरारी सुधारला. कारण साधं होतं. प्रत्येक बोटीवर छोटा पडदा होता, त्यावर तोच नकाशा, तेच ठिपके. बॅटरी पुरेल अशी वाट मशीन दाखवायचं. तांडेल त्या वाटेने जाऊ लागले. मग तालीम बरोबर येऊ लागली. बरोबर येऊ लागली म्हणून लोक आणखी विश्वासाने जाऊ लागले. एखादा मागे राहिलाच तर सुगंधा वायरलेसवर ओरडायची, "अरे तुझा ठिपका खाडीच्या तोंडाला आलाय, तू अजून कुठे रेंगाळतोस?" आणि तो तांडेल मुकाट्याने वेग वाढवायचा.

खाडीतही सिग्नल उशिरानेच यायचा, म्हणून आधी ठिपके जेटीला लागायचे आणि मग बोटी लागायच्या. सुरुवातीला मध्ये थोडा वेळ जायचा. पुढे पुढे तो जाईनासा झाला. ठिपका लागला की निळी चौकट उघडून विचारायची, पोचली का? सुगंधा 'पोचली' दाबायची आणि पुढच्या बोटीकडे वळायची. व्हरांड्यातल्या बायका ठिपका लागला की घरी जाऊन तवा ठेवायच्या. जेटीकडे कोणी बघायचं नाही. बघायला होतं काय?

"बायकोने सांगून जे झालं नाही ते एका ठिपक्याने केलं," सुगंधा एकदा ताटात तळलेल्या हलव्याची तुकडी वाढताना म्हणाली.

"माझ्याआधी माझी बोट घरी येते," मुरारी म्हणाला. "आज मी खाडीच्या तोंडाशी होतो आणि पडद्यावर मी जेटीला लागलेला. वाटलं, आता मी आलो तर कोण येणार?"

"तुम्हीच. भात घ्या."

"तुला गंमत वाटते. तिथे बसून बघ. हात सुकाणूवर असतो, आणि हात वळवायच्या आधी ठिपका वळतो. मग हात वळतो. कोणी वळवला?"

"कोणी का वळवेना, घरी वळवला ना?"

मुरारीने भात कालवला. मग म्हणाला, "बाबा काळपाथराच्या खडकांकडे जायचे घोळ मासा धरायला. वारा असा असला की घोळ तिथेच. या मशीनच्या नकाशात काळपाथर नाय. कोणी गेलंच नाय इतक्यात, तर त्याला कुठून ठाऊक असणार? एक दिवस मुद्दाम चुकवतो त्याला. बघू तर, माझा ठिपका काय करतो."

"बॅटरी पुरेल काय तिथून?"

"बाबा शिडावर जायचे."

"तुमच्याकडे शीड हाय काय?"

"तू हायस ना टेबलावर," मुरारी हसला. "संध्याकाळी नाय आलो तर ओरडशील. केळथरला तुझा आवाज पोचला नाय असं कधी झालंय?"

तिने उलथनं उगारलं. मुलांसारखा हात डोक्यावर धरून तो उठला. खरं सांगायचं तर तिला वाटलं, उगाच बोलतोय. वेळेवर यायची सवय लागलेला नवरा ती मोडेल असं कुठल्याच बायकोला वाटत नाही.

त्यानंतर एके दिवशी सोनपावली भूशिराच्या पलीकडे गेली तेव्हा खरा सिग्नल होता. मग तुटला. रोजच तुटायचा. पडद्यावर सोनपावली रोजच्या जागी गेली, रोजच्यासारखं जाळं टाकलं, रोजच्यासारखी वळली. लालभडक. खाडीच्या तोंडाशी लक्ष्मीप्रसादला आधी वाट दिली, कारण मुरारीची ती रीत होती. जेटीला तिसऱ्या जागेवर लागली.

सुगंधाने 'पोचली' दाबलं. भोंग्याला आता वाजायचं कारण उरलं नाही. ती पर्स घेऊन उठली आणि वाटेत कोकमं घेऊन घरी गेली.

मुरारी आला नाही. पोचलेला माणूस घरी आला नाही, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो अर्थ तिला जुना परिचयाचा होता. जेटीवर बसला असेल पत्ते कुटत. बोटीवरच झोपला असेल खलाशांबरोबर. सुधारलेलं माणूस पुन्हा बिघडलं याचा राग निराळाच असतो, त्यात आपल्या भोळेपणाचाही राग मिसळलेला असतो. तिने कालवण झाकलं, आणि एकटीच जेवली.

सकाळी टेबलावर येऊन बघते तर सोनपावली निघाली होती. ठिपका खाडीतून बाहेर पडत होता, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या वाटेने.

"घरी तोंड न दाखवता गेले," ती निरंजनला म्हणाली. तो कोपऱ्यात दुसऱ्या बंदरासाठी काहीतरी लिहीत बसला होता. "बघा तुमच्या ठिपक्याने सुधारलेला नवरा."

"वायरलेसवर बोला की."

"बोलले. उत्तर नाय देत. भूशिराच्या आत असूनसुद्धा." तिने माईक आदळला. "रुसलाय. रुसू दे."

त्या दिवशी तिने त्या ठिपक्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. त्याच्याशी अबोला धरला म्हणा. पण माणूस ज्याच्याशी अबोला धरतं त्याच्याकडेच डोळा असतो. ठिपका वळला हे तिला कळलं. खाडीच्या तोंडाशी थांबून लक्ष्मीप्रसादला वाट दिली हेही कळलं. ठिपका जेटीकडे सरकू लागला आणि तिने ठरवलं, आज बटण दाबायच्या आधी चार शब्द सुनवायचे. खलाशांसमोरच.

तिने फोनवर तोच नकाशा उघडला आणि जिना उतरली.

जेटीवर नेहमीची गर्दी होती. बर्फ, टोपल्या, लिलावाची ओरड. लक्ष्मीप्रसाद लागली होती, त्यापुढे दर्याराणी. सुगंधा माणसं बाजूला सारत तिसऱ्या जागेपाशी आली. फोनवर सोनपावली आत्ताच लागत होती. ठिपका हळूच पुढे आला, किंचित मागे गेला, दोर बांधताना बोट जशी जाते तशी, आणि स्थिर झाला. तिच्या पायांच्या पुढ्यात.

पायांच्या पुढ्यात पाणी होतं. त्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग आणि बांगड्याचं एक डोकं. पाणी जेटीच्या दगडाला लागून मागे जात होतं.

"काय वहिनी, कोणाला शोधता?" लक्ष्मीप्रसादचा तांडेल बोटीवरून म्हणाला.

"आमची बोट कुठाय?"

"सोनपावली? आली ना. आत्ताच तर आली." त्याने आपल्या पडद्याकडे बोट दाखवलं. मग बोटीच्या बाजूला वाकून पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "काल पण इथेच होती," तो म्हणाला, पण आवाज बारीक झाला होता. "म्हणजे, लागलेली दिसली."

"डोळ्यांनी दिसली?"

तो पुन्हा बोटीबाहेर वाकला. त्याच्या खलाशांनी दोरखंड खाली ठेवले. एकामागून एक जेटीवरचे लोक त्या रिकाम्या जागेकडे बघू लागले. आदल्या दिवशी सगळ्यांनी सोनपावलीला वाट दिली होती, तिच्यासाठी जागा सोडून आपली बोट पलीकडे बांधली होती. आजही सोडली होती.

तिच्या हातातल्या फोनवर निळी चौकट आली: 'सोनपावली पोचली का?'

माडीवर निरंजनने आतल्या खुणा उघडल्या. सोनपावलीचा शेवटचा खरा निरोप आदल्या दिवशी सकाळचा. त्यानंतरचं सगळं अंदाज. आणि त्या अंदाजांच्या मधोमध एक खरा निरोप, ठसठशीत: 'पोचली'. पाठवणार, सुगंधा पावसे. त्या एका खऱ्यावरून मशीनने पुढचा दिवस उभा केला होता. पोचलेली बोट सकाळी निघतेच.

भोंगा वाजवला. बोटी बाहेर पडल्या, तटरक्षक दलाचं ड्रोन आलं. सगळे आधी नेहमीच्या जागी शोधत होते. काळपाथर हे नाव सुगंधाने सांगितलं.

दोन खलाशी बर्फाच्या पेटीला धरून तरंगताना सापडले. बोटीचे तुकडे काळपाथराच्या फटीत. मुरारी सापडला नाही. घोळ मिळाली होती, खलाशी म्हणाले, भरपूर मिळाली होती, म्हणून तांडेल जास्त वेळ थांबला. परतताना बॅटरी संपली आणि तिच्याबरोबर ट्रान्समीटर, वायरलेस, दिवे, सगळंच. वारा उलटा. पहिली रात्र बोट नुसतीच वाहत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती खडकापासून लांब होती. मग लाटांनी नेली.

"रात्रभर तांडेल आम्हाला धीर देत होता," त्यांतला मोठा म्हणाला. तो रायचूरकडचा, त्याचं मराठी बंदरावर शिकलेलं. "बोलला, घाबरू नका. माझी बायको टेबलवर हाय. दिवा लावायच्या टायमाला बोट आली नाय की तिला कळतंय. ती बघतंय आपल्याला."

सुगंधाने हे ऐकताना पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

चौकशी झाली. भास्करशेठ म्हणाले, बटण दाबणाऱ्याने खात्री करायची असते, नियमात लिहिलंय. ते खरं होतं. निरंजनला विचारलं, प्रोग्रॅममध्ये चूक होती का? त्याने सगळं पुन्हा तपासलं होतं. प्रत्येक फंक्शनने जे यायला हवं तेच दिलं होतं. "चूक नाही," तो म्हणाला. तेही खरं होतं. रंग कोणी बदलायला सांगितला हे त्याला कोणी विचारलं नाही आणि तो आपणहून बोलला नाही. व्हरांड्यात चंद्रभागा उभी होती. तिने मान वळवली.

मग एका दुपारी सुगंधा टेबलापाशी येऊन उभी राहिली. नोकरी गेली नव्हती. तिच्याशिवाय त्या टेबलाची कोणाला माहितीच नव्हती.

"केकवर लिहिलं होतं म्हणे तुमच्या, बदल नाही," ती म्हणाली. निरंजननेच एकदा हसत सांगितलं होतं. "मागे जाता येतं ना?"

"वहिनी, मागे म्हणजे फक्त..."

"ठाऊक हाय मला फक्त काय ते. न्या."

त्याने पट्टी मागे सरकवली. ती संध्याकाळ आली. सगळी शाबूत. सोनपावली तिसऱ्या जागेवर लागत होती, लालभडक.

"आधीचा रंग लावा."

त्याने ओळ जुनी केली. ठिपका विझला. तिला वाटलं गेलाच, म्हणून ती पडद्याला नाक लावून बघू लागली. तिथे काहीतरी होतं, काचेवर श्वासाचा डाग राहावा तेवढं. चंदाकाकीच काय, कोणीही किंचाळलं असतं.

निळी चौकट आली: 'सोनपावली पोचली का?' माऊस तिने स्वतः धरला. 'नाही' दाबलं.

मशीनने तिचं ऐकलं. त्याला भूत आणि भविष्य सारखंच. जुनी स्थिती, नवा निरोप, आणि आता त्याला काळपाथर ठाऊक होता. पडद्यावर भोंग्याचा दिवा पेटला, बोटी दिवेलागणीलाच बाहेर पडल्या, काळपाथराकडे वळल्या. विझत आलेला ठिपका त्यांना भेटला आणि ठळक झाला. पहाटे ओढत आणलेली सोनपावली जेटीला लागली. तिसऱ्या जागेवर.

निरंजन पडद्यावरची ती खिडकी बंद करायला पुढे झाला.

"राहू दे," ती म्हणाली.

"ही नुसती तालीम आहे, वहिनी. आत काही नाही."

"कशाला शिवत नाय ना? मग राहू दे."

एवढं तरी आपल्याला करता आलं, असं वाटून त्याने ती खिडकी उघडी ठेवली. माणसाला आपण चांगले आहोत असं वाटायला फार लागत नाही.

आता सुगंधाच्या टेबलावर दोन खिडक्या असतात. एकीत केळथरच्या बोटी, ठळक आणि फिक्या. दुसरीत फक्त सोनपावली. ती सकाळी निघते, संध्याकाळी येते, लक्ष्मीप्रसादला वाट देते. अधूनमधून काळपाथराकडे वळते आणि उशीर करते. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा सुगंधा चक्क ओरडली.

परवा मात्र एक नवीन गोष्ट तिच्या लक्षात आली. दुसऱ्या खिडकीत सोनपावली लागली, निळी चौकट उघडली, आणि तिने माऊसला हात लावायच्या आत बाण आपोआप हलला. जरा घाईत, जरा तिरका, चौकटीच्या खालच्या कडेवरून, जसा तो नेहमी तिच्या हाताने जातो. त्याने 'पोचली' दाबलं. मग वर जाऊन दिवसाचं काम बंद केलं, क्षणभर थांबला, आणि खिडकी मंद झाली. मशीन बोटींबरोबर टेबलाचीही तालीम करत होतं. तिकडची सुगंधा पर्स घेऊन उठली होती. वाटेत कोकमं घेणार होती.

इकडची तशीच बसून राहिली. खिडकीतल्या मोठ्या पडद्याआडून जेटीचा आवाज येत होता, जेटी दिसत नव्हती.

तर आता शेवटची बेरीज. निरंजन गोंधळेकरची पद्धत किनाऱ्यावरच्या आणखी सात बंदरांनी घेतली, आणि चौकशीचा कागद सांगतो की तो म्हणत होता तेच बरोबर होतं. भास्करशेठ बिनविरोध आले. सुगंधाला हवं होतं तेही मिळालं, नवरा रोज घरी येतो. तिन्ही मागण्या पुऱ्या झाल्या. भरणा एकट्या मुरारी पावसेने केला, आणि पावतीवर सही सुगंधाची आहे.